बायपासनंतर दीड वर्षाने: बरे वाटते आहे, मग गोळ्या थांबवाव्यात का?

तुमचे पत्र लांब आहे, म्हणून त्यातील मुद्दे आधी मांडते. वय 32. सोळा महिन्यांपूर्वी रू-एन-वाय गॅस्ट्रिक बायपास, म्हणजे वजन घटवण्यासाठीची जठराची शस्त्रक्रिया झाली आणि वजन 41 किलोने उतरले. वर्षाच्या तपासणीत हिमोग्लोबिन 12.4 आले व ‘सर्व ठीक’ असा शेरा मिळाला. लोहाच्या गोळीने बद्धकोष्ठ होत होता, कॅल्शियमने पोट जड वाटत होते, म्हणून गेले चार महिने सर्व पूरक गोळ्या बंद आहेत. आता जेवणानंतर दोनेक तासांनी कधीकधी हात थरथरतात, घाम सुटतो आणि गोड खाल्ले की बरे वाटते. केस गळत आहेत, पायांना अधूनमधून मुंग्या येतात, शौच वरचेवर पातळ होते. पुढील वर्षी गर्भधारणेचा विचार आहे. आहार उत्तम असेल तर या गोळ्या कायमच्या थांबवता येतील का, असा तुमचा प्रश्न आहे.

थांबवता येणार नाहीत. ‘डॉक्टर सांगतात म्हणून’ घेतलेली गोळी कोणीही वर्षभरापेक्षा जास्त घेत नाही, असा माझा अनुभव आहे, त्यामुळे या उत्तरामागचे कारण नीट समजून घेणे आवश्यक आहे.

तुमच्या जठराच्या वरच्या टोकाशी साधारण 30 मिलिलिटरची, म्हणजे दोन मोठे चमचे मावतील एवढी पिशवी ठेवलेली आहे. अन्न त्या पिशवीतून थेट लहान आतड्याच्या पुढच्या भागात उतरते. उरलेले जठर आणि लहान आतड्याचा पहिला भाग पोटातच आहेत, त्यांचा रक्तपुरवठाही चालू आहे, पण अन्न त्या वाटेने जात नाही. पित्त आणि स्वादुपिंडाचा रस त्या रिकाम्या वाटेने येऊन बऱ्याच पुढे अन्नाला भेटतात. लोह आणि कॅल्शियम यांचे शोषण मुख्यत्वे होते ते नेमके या वगळलेल्या भागात. अन्नातील लोह शोषणयोग्य रूपात येण्यास जठरातील आम्ल लागते, तेही आता नाममात्र आहे. ब-12 चे शोषण लहान आतड्याच्या अगदी शेवटच्या भागात होते आणि तो भाग शाबूत आहे, परंतु तेथवर पोचण्यासाठी ब-12 ला जठराने स्रवलेल्या एका प्रथिनाची सोबत लागते आणि त्या दोघांची गाठ पडणे आता अवघड झाले आहे. म्हणून ताटात काय आहे यापेक्षा ते कोणत्या वाटेने जाते हा प्रश्न मोठा आहे. उत्तम आहार आवश्यकच आहे, पण तो वगळलेल्या आतड्याचे काम करू शकत नाही.

ही माहिती नवी नाही. अमेरिकेतील आयोवा येथे एडवर्ड मेसन यांनी 1966 मध्ये पहिली गॅस्ट्रिक बायपास केली, ती अल्सरसाठी जठराचा भाग काढलेल्या रुग्णांचे वजन उतरते हे पाहून. अशा रुग्णांना पुढे रक्तक्षय आणि हाडांचा ठिसूळपणा येतो, हे वैद्यकाला ठाऊक होते. आजच्या रुग्णाला त्याचे आश्चर्य वाटते, कारण शस्त्रक्रियेपूर्वीच्या भेटीत सगळे लक्ष वजनाच्या आकड्यावर असते. यात आमच्या बाजूचाही दोष आहे.

आता बरे वाटण्याविषयी. प्रत्येक पोषकद्रव्याची शरीरात ठेव असते आणि प्रत्येक ठेवीची मुदत निराळी असते. थायमिनची, म्हणजे ब-1 ची ठेव दोन-तीन आठवड्यांत संपते. लोहाची ठेव काही महिने पुरते, मासिक पाळीत रक्तस्राव अधिक असेल तर त्याहून कमी. ब-12 यकृतात काही वर्षे पुरेल इतके असू शकते. हाडांतील कॅल्शियम तर इतके असते की रक्तातील पातळी राखण्यासाठी शरीर वर्षानुवर्षे हाडे झिजवत राहते आणि रक्ताचा अहवाल निर्दोष दिसतो. ठेव मोडून घर चालवणाऱ्याला महिनाअखेरीस काही कमी पडत नाही, तसेच हे आहे. तुमचे 12.4 हिमोग्लोबिन या हिशेबातील शेवटचे पान आहे. लोह कमी होऊ लागले की आधी फेरिटिन, म्हणजे लोहाचा साठा दाखवणारे प्रथिन, उतरते आणि साठा रिता झाल्यावरच हिमोग्लोबिन घसरते. फेरिटिन प्रति मिलिलिटर 30 नॅनोग्रॅमच्या खाली असेल तर हिमोग्लोबिन कितीही चांगले दिसले तरी लोहाची कमतरता आहे असे मी धरते. शरीरात कोठे दाह असेल तर फेरिटिन खोटेच वाढलेले दिसते, म्हणून सोबत ट्रान्सफेरिनची, म्हणजे रक्तात लोह वाहून नेणाऱ्या प्रथिनाची, संपृक्तताही पाहावी लागते.

थायमिनविषयी थोडे सविस्तर लिहिते, कारण या विषयातील सर्वांत टाळता येण्याजोगी हानी त्यातच आहे. काही वर्षांपूर्वी माझ्याकडे एक तरुणी आली. स्लीव्ह शस्त्रक्रियेला, म्हणजे जठराचा मोठा भाग काढून त्याची अरुंद नळी करण्याला, सात आठवडे झाले होते आणि गेले बारा दिवस तिला उलट्या होत होत्या. अशक्तपणा म्हणून दुसरीकडे तिला दोनदा ग्लुकोजचे सलाईन लावले होते. ती भिंतीला हात लावत, पाय फाकवून चालत आत आली. बोटाकडे पाहायला सांगितले तर डोळे एका बाजूला जाऊन थरथरत होते. तिची आई म्हणाली, ‘‘दोन दिवस झाले, चमचा वाटीत घालायला जाते तर तो वाटीच्या बाहेर टेकतो.’’ हा वेर्निकेचा मेंदूविकार होता. शरीराला ग्लुकोज वापरण्यासाठी थायमिन लागते. साठा संपत आलेला असताना नुसते ग्लुकोज दिले तर उरलेसुरले थायमिनही खर्ची पडते. शिरेतून थायमिन सुरू केल्यावर डोळे दोन दिवसांत स्थिर झाले, पण चाल पूर्ववत होण्यास कित्येक महिने लागले आणि उपचार उशिरा झाला तर स्मृतीची हानी कायमची राहू शकते. वजन घटवण्याची कोणतीही शस्त्रक्रिया झालेल्या व्यक्तीला दोन-तीन दिवसांहून अधिक उलट्या झाल्या तर कोणत्याही तपासणीच्या निकालाची वाट न पाहता आधी थायमिन द्यावे आणि मगच ग्लुकोज, हे वाक्य रुग्णाने आणि घरातल्या एका माणसाने पाठ करून ठेवावे असे मी सांगते.

तुम्हाला उलट्या नाहीत, तरीही पायांच्या मुंग्या मी हलक्यात घेणार नाही. थायमिन, ब-12 आणि तांबे या तिघांपैकी कोणाचीही उणीव अशी सुरू होऊ शकते. ब-12 ची ठेव अजून टिकली असेल असे सोळाव्या महिन्यात गृहीत धरू नये, कारण शस्त्रक्रियेपूर्वीच ती अर्धी रिकामी असलेले अनेक जण असतात, विशेषतः शाकाहारी किंवा मधुमेहावरचे मेटफॉर्मिन दीर्घकाळ घेतलेले. नुसते फॉलिक आम्ल घेतल्याने रक्तक्षय सुधारतो आणि मज्जातंतूंची हानी मात्र मागे चालूच राहते, म्हणून ब-12 पाहिल्याशिवाय मोठ्या मात्रेचे फॉलिक आम्ल सुरू करू नका. तांब्याचा घोटाळा निराळा आहे. केस गळतात म्हणून लोक स्वतःहून जस्ताच्या गोळ्या घेतात, जस्त अधिक झाले की तांब्याचे शोषण अडते आणि तांब्याच्या उणिवेने होणारा मज्जारज्जूचा विकार ब-12 च्या उणिवेसारखाच दिसतो. जस्त घ्यायचेच असेल तर दर 8 ते 15 मिलिग्रॅम जस्तामागे 1 मिलिग्रॅम तांबे असावे.

केसांबद्दल याहून जास्त काळजी नको. शस्त्रक्रियेनंतर तिसऱ्या ते सहाव्या महिन्यात होणारी गळती हा वेगाने वजन उतरल्याचा परिणाम असतो आणि ती आपोआप थांबते. वर्ष उलटल्यावरही चालू राहिली तर लोह, प्रथिने व जस्त या क्रमाने शोध घ्यावा. बायोटिनच्या महागड्या बाटल्यांनी याबाबतीत फारसे काही साधत नाही.

गोळ्यांनी झालेल्या त्रासावर उपाय आहेत आणि ते तुम्हाला आधीच सांगायला हवे होते. कॅल्शियम कार्बोनेटला विरघळण्यासाठी आम्ल लागते आणि तुमच्याकडे ते नाही, म्हणून पोट जड होते आणि उपयोगही कमी होतो. तुमच्यासाठी कॅल्शियम सायट्रेट योग्य आहे. दिवसाला अन्नासह एकूण 1200 ते 1500 मिलिग्रॅम कॅल्शियम हवे, पण आतडे एका वेळी 500 ते 600 मिलिग्रॅमपेक्षा अधिक नीट घेत नाही, त्यामुळे ते विभागूनच घ्यावे लागते. लोह आणि कॅल्शियम एकाच वेळी घेतले तर लोहाचे शोषण घटते. दोहोंत किमान दोन तासांचे अंतर ठेवा आणि लोहाच्या गोळीच्या आगेमागे चहा-कॉफी नको. मासिक पाळी चालू असलेल्या स्त्रीला बायपासनंतर रोज 45 ते 60 मिलिग्रॅम मूलभूत लोह लागते. येथे गोळीच्या वेष्टनावरचा मोठा आकडा फसवतो, कारण तो बहुधा क्षाराचे वजन सांगतो. ‘मूलभूत लोह’ किती हे वेगळे वाचावे. लोहाने बद्धकोष्ठ होत असेल तर एक दिवसाआड घेऊन पाहता येते. एका मात्रेनंतर सुमारे चोवीस तास हेप्सिडिन नावाचे संप्रेरक वाढलेले राहते आणि त्या काळात पुढच्या मात्रेचे शोषण कमी होते, त्यामुळे एक दिवसाआड घेतल्याने नुकसान वाटते तेवढे होत नाही. फेरिटिन फारच खाली असेल किंवा गोळी सोसतच नसेल तर शिरेतून लोह देणे हा सरळ मार्ग आहे. मात्र त्यातील काही प्रकारांनी रक्तातील फॉस्फेट उतरते आणि ड जीवनसत्त्व आधीच कमी असलेल्यांना त्याचा त्रास अधिक होतो, म्हणून ड आधी पाहून घ्यावे.

दिवस असा लावता येतो: सकाळी उठल्यावर लोह, क जीवनसत्त्वासोबत; दुपारच्या जेवणाबरोबर कॅल्शियमची पहिली मात्रा; संध्याकाळी लोह नसलेले बहुजीवनसत्त्व; रात्रीच्या जेवणाबरोबर कॅल्शियमची दुसरी मात्रा. ड जीवनसत्त्व रोज 3000 आंतरराष्ट्रीय एककांपासून सुरू करून रक्तातील पातळी प्रति मिलिलिटर 30 नॅनोग्रॅमच्या वर राहील असे बेतावे. ब-12 तोंडाने रोज 350 ते 1000 मायक्रोग्रॅम किंवा महिन्याला 1000 मायक्रोग्रॅमचे इंजेक्शन, यांपैकी जे चुकणार नाही ते निवडा. मी विसराळू माणसाला इंजेक्शन सुचवते.

आता थरथर आणि घाम. बायपासनंतर दोन निराळ्या गोष्टी होतात आणि दोन्हींना लोक ‘डंपिंग’ म्हणतात. पहिली जेवणानंतर दहा ते तीस मिनिटांत होते: साखरेने दाट झालेले अन्न एकदम आतड्यात उतरते, ते पातळ करण्यासाठी रक्तातील पाणी आतड्यात खेचले जाते, पोटात मुरडा, धडधड, जुलाब आणि आडवे पडावेसे वाटणे. दुसरी एक ते तीन तासांनी होते, आणि तुमचे वर्णन या दुसरीचे आहे. अन्न वेगाने उतरल्यामुळे रक्तशर्करा झपाट्याने चढते, आतड्यातून जीएलपी-1 हे इन्शुलिन वाढवणारे संप्रेरक भरपूर स्रवते, त्यापायी इन्शुलिन गरजेपेक्षा अधिक येते आणि शर्करा खाली कोसळते. हा त्रास सहसा शस्त्रक्रियेला वर्ष उलटल्यावर सुरू होतो, त्यामुळे त्याचा शस्त्रक्रियेशी संबंध रुग्णाच्याच काय, डॉक्टरच्याही लक्षात येत नाही. अशा अनेकांना चिंतारोगाची औषधे सुरू झालेली मी पाहिली आहेत.

तुम्ही एक साधे ग्लुकोमीटर घ्या आणि थरथर सुरू झाली की गोड खाण्यापूर्वी बोटातून तपासा. आकडा 54 च्या खाली असेल आणि साखर घेतल्यावर लक्षणे गेली तर निदानाचा मोठा भाग तेथेच झाला. त्या वेळी सुमारे 15 ग्रॅम ग्लुकोज घ्यावे आणि शर्करा वर आली की थोडे प्रथिनयुक्त खाणे. मिठाई किंवा गोड पेय भरपेट घेतले तर तीच शिडी पुन्हा चढून पुन्हा पडणार आणि संध्याकाळपर्यंत हे चक्र तीनदा फिरते. वजन परत वाढण्याचे ते एक गुप्त कारण असते. प्रतिबंध जेवणातच आहे: दर खाण्यात कर्बोदके सुमारे 30 ग्रॅमच्या आत, प्रथिने आधी, साखरेची पेये बंद, द्रव पदार्थ जेवणासोबत नव्हे तर अर्ध्या तासाने. एवढ्याने न थांबल्यास कर्बोदकांचे पचन संथ करणारे अकार्बोज आणि त्यापुढची औषधे आहेत, ती देखरेखीखालीच घ्यावी लागतात. निदान होईपर्यंत वाहन चालवण्यापूर्वी शर्करा तपासा. भोवळ, बोलणे अडखळणे किंवा शुद्ध हरपणे यांपैकी काही झाले तर तो थांबण्याचा विषय नाही.

पातळ शौचाची कारणे बरीच आहेत. दुधातील लॅक्टोज न पचणे हे सर्वांत साधे: दोन आठवडे दूध वगळून पाहा, दही बहुधा चालते. शौच फिकट, तेलकट, पाण्यावर तरंगणारे आणि उग्र वासाचे असेल तर चरबी पचत नाही आणि तिच्याबरोबर अ, ड, ई, के ही जीवनसत्त्वेही वाहून जात आहेत. अंधारात पूर्वीपेक्षा कमी दिसते का, हे मी प्रत्येकाला विचारते, कारण अ ची उणीव तेथे आधी कळते. पोट फुगणे आणि वायू जास्त असेल तर वगळलेल्या आतड्यात जिवाणूंची अतिवाढ झालेली असू शकते. रक्तात ब-12 कमी आणि फोलेट मात्र चढलेले दिसले तर हा संशय बळावतो, कारण जिवाणू पहिले खातात आणि दुसरे तयार करतात. न पचलेल्या चरबीचा आणखी एक परिणाम मूत्रपिंडावर होतो: चरबी कॅल्शियमला धरून ठेवते, एरवी कॅल्शियमला चिकटणारे अन्नातील ऑक्झलेट मोकळे राहून रक्तात शिरते आणि मुतखडे होतात. मुतखड्याच्या भीतीने कॅल्शियम बंद करणारे नेमकी उलटी गोष्ट करतात. जेवणाबरोबर घेतलेले कॅल्शियम ऑक्झलेटला आतड्यातच अडवते. पाणी मात्र घोट घोट करून दिवसभरात दीड लिटरहून अधिक जायला हवे.

प्रथिने दिवसाला 60 ते 80 ग्रॅम. अंडी, मासे, दही, कडधान्ये यांतून ती भागत असतील तर पावडरची गरज नाही.

पोटदुखीचा उल्लेख तुमच्या पत्रात नाही, पण बायपास झालेल्याने दोन दुखणी ओळखता यायला हवीत. पिशवी आणि आतडे यांच्या जोडावर होणारा अल्सर जळजळीने सुरू होतो. धूम्रपान आणि आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅकसारखी वेदनाशामके ही त्याची नेहमीची कारणे. ही वेदनाशामके तुमच्यासाठी कायमची वर्ज्य आहेत, डोकेदुखीला पॅरासिटामॉल चालते. दुसरे दुखणे अंतर्गत हर्नियाचे. वजन उतरल्यावर पोटातील चरबी कमी होते, आतड्यांच्या जोडणीमागच्या फटी मोठ्या होतात आणि त्यांतून आतडे सरकते. जेवणानंतर पिळवटून येणारी, आपोआप थांबणारी आणि पुन्हा येणारी कळ, हे त्याचे रूप. स्कॅन निर्दोष असला तरी हर्निया असू शकतो. कळ थांबत नसेल तर बायपासच्या शस्त्रक्रियांची माहिती असलेल्या शल्यविशारदाकडेच, त्याच रात्री जावे. पित्ताशयातील खडेही वेगाने वजन उतरताना होतात, पण त्यांचा मुख्य काळ पहिले सहा-आठ महिने असतो आणि तो तुम्ही ओलांडला आहे.

मद्य घेत असाल तर जाणून घ्या की बायपासनंतर ते रक्तात फार लवकर आणि फार वर चढते, आणि व्यसन जडण्याचा धोका दुसऱ्या वर्षापासून वाढतो.

या आठवड्यात तुम्ही रक्तपेशींची संपूर्ण तपासणी, फेरिटिन व ट्रान्सफेरिन संपृक्तता, ब-12, फोलेट, ड जीवनसत्त्व, कॅल्शियम, पॅराथायरॉइड संप्रेरक, अल्ब्युमिन, अ जीवनसत्त्व, जस्त आणि तांबे यांच्या तपासण्या करून घ्या. रक्त काढून झाले की मुंग्यांच्या कारणास्तव थायमिन आणि ब-12 त्याच दिवशी सुरू करण्याविषयी तुमच्या डॉक्टरांशी बोला, अहवालाची वाट पाहण्याचे कारण नाही. कॅल्शियम सामान्य पण पॅराथायरॉइड संप्रेरक चढलेले दिसले, तर हाडांतून उचल चालू आहे असे समजावे. पुढे वर्षातून एकदा हाच संच, आणि शस्त्रक्रियेला दोन वर्षे होतील तेव्हा हाडांची घनता.

गर्भधारणेसाठी साधारण 12 ते 18 महिने थांबावे असा प्रघात आहे, त्या दृष्टीने तुमची वेळ ठीक आहे, पण ठेवी भरल्याखेरीज सुरुवात करू नये. तोवर गर्भनिरोधक गोळीवर विसंबू नका, बायपासनंतर तिचे शोषण भरवशाचे नसते. तांबी किंवा तत्सम उपाय अधिक खात्रीचा. गर्भधारणेचा विचार पक्का झाला की अ जीवनसत्त्व रेटिनॉल रूपातून बीटा-कॅरोटिन रूपात बदलून घ्या. 24 ते 28 आठवड्यांदरम्यान गरोदरपणातील मधुमेहासाठी ग्लुकोजचे पाणी प्यायला देतात, ते तुम्ही नाकारा आणि त्याऐवजी आठवडाभर घरी उपाशीपोटी व जेवणानंतर शर्करा मोजून ती नोंद दाखवा. वाढत्या गर्भाशयाने आतडी वर ढकलली जातात आणि अंतर्गत हर्नियाचा धोका याच काळात वाढतो, तरीही पोटातील कळ गर्भारपणाची म्हणून सोडून दिली जाते. म्हणून प्रसूतीच्या फाइलच्या पहिल्याच पानावर शस्त्रक्रियेचे पूर्ण नाव, तारीख आणि ‘पोटदुखी झाल्यास शल्यविशारदाला कळवावे’ ही ओळ स्वतःच्या हाताने लिहून ठेवा.